नैराश्यावर चालण्याची मात्रा

'मला नैराश्य आले आहे' असे सांगत दवाखान्यात येणारा रुग्ण क्वचितच भेटतो. येणारा सांगतो ते वेगळेच असते. भूक मेली आहे, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, डोके जड असते, हातापायांत त्राण नाही, छातीत धडधडते. सोबतचे नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन लावून टाका, म्हणजे तरतरी येईल." अशा वेळी रक्त तपासावेच लागते. हिमोग्लोबिन कमी असले, थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा मधुमेह असला तरी माणूस असाच गळून जातो. पण पुष्कळदा सगळे अहवाल ठीक येतात. मग दोन प्रश्न विचारावे लागतात. गेले दोन आठवडे मन बहुतेक वेळ उदास असते का? आणि पूर्वी ज्या गोष्टींत जीव रमायचा, त्यांत आता रमतो का? दुसऱ्या प्रश्नावर पुष्कळ जण गप्प होतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येते.

वाचकहो, नैराश्य आणि दुःख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घरात मृत्यू झाला, पीक गेले, मुलीचे लग्न मोडले तर माणूस दुःखी होणारच. ते दुःख येते, ओसरते, पुन्हा येते आणि मधूनच नातवंडाच्या बोबड्या बोलांवर माणूस हसतोही. नैराश्यात हे हसू येत नाही. उदासी सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त मुक्काम ठोकते. झोप, भूक, एकाग्रता बिघडते, हालचाली मंदावतात, 'मी घरच्यांना भार आहे' असे वाटू लागते आणि काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात असे आढळले की दर २० प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणजे आपल्या एखाद्या आळीतही असे तीन-चार जण निघतील.

या आजारावर गोळ्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत. बोलून करायचे उपचारही आहेत. आज मात्र तिसऱ्या उपचाराविषयी लिहायचे आहे. तो फुकट आहे, म्हणूनच बहुधा कोणी त्याला उपचार मानत नाही. तो म्हणजे व्यायाम, आणि त्यातही साधे चालणे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. जेम्स ब्लुमेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशी ओलांडलेले १५६ नैराश्याचे रुग्ण घेतले. त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला सर्ट्रालिन हे नेहमीचे औषध, दुसऱ्याला फक्त व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, देखरेखीखाली, अर्धा तास भरभर चालणे किंवा हलके धावणे. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या काही आठवड्यांत औषधाने लवकर गुण आला, हेही त्यात नमूद आहे. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी याच लोकांना पुन्हा तपासले तेव्हा बऱ्या झालेल्यांपैकी औषधाच्या गटात ३८ टक्के लोकांचा आजार उलटला होता, व्यायामाच्या गटात ८ टक्के लोकांचा. संख्या लहान होती, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत बांधू नये. पण दुर्लक्ष करावे असेही ते नाहीत.

त्याच चमूने २००७ मध्ये २०२ रुग्णांवर आणखी एक अभ्यास केला. या वेळी एका गटाला खोटी गोळी दिली होती. सोळा आठवड्यांत औषधाने ४७ टक्के, देखरेखीखालच्या व्यायामाने ४५ टक्के आणि घरी स्वतः केलेल्या व्यायामाने ४० टक्के लोक आजारातून बाहेर आले. खोट्या गोळीनेही ३१ टक्के बरे झाले! याचा अर्थ नैराश्य हे खोटे दुखणे आहे असा नाही. कोणीतरी नियमित विचारपूस करते, आशा दाखवते, याचाही या आजारात गुण येतो, एवढाच त्याचा अर्थ. पुढे २०२४ मध्ये अशा २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात चालणे-धावणे, योगासने आणि वजने उचलण्याचे व्यायाम हे विशेष उपयोगी ठरले. यांतील पुष्कळ चाचण्या लहान आणि काहीशा कच्च्या आहेत. म्हणून मी व्यायामाला रामबाण म्हणणार नाही. सौम्य आणि मध्यम नैराश्यात तो खरा उपचार आहे आणि तीव्र नैराश्यात गोळ्यांच्या जोडीचा उपचार आहे, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

आजार होऊच नये म्हणून काय करावे, याचे उत्तर नॉर्वेतून आले आहे. तेथे सुमारे ३४ हजार निरोगी प्रौढांवर ११ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांत नैराश्य जास्त आढळले. सर्वांनी आठवड्यातून निदान एक तास व्यायाम केला असता, तर नैराश्याचे १२ टक्के रुग्ण टळले असते, असा संशोधकांचा हिशेब आहे. एक तास रोजचा नव्हे, आठवड्यातून! आणि तो जोराचा असो वा हळूचा, फायद्यात फरक दिसला नाही.

हे घडते कसे? 'व्यायामाने एंडॉर्फिन सुटते आणि आनंद होतो' असे सर्रास सांगितले जाते, पण ती तरतरी तास-दोन तासांची असते. नैराश्य हटायला काही आठवडे लागतात, म्हणजे आत आणखी काही घडत असले पाहिजे. व्यायामाने मेंदूतील पेशींचे पोषण करणारी द्रव्ये वाढतात. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित एक भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. एरवी हा भाग वयानुसार आक्रसत जातो, नैराश्यातही तो लहान आढळतो. शिवाय झोप सुधारते. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोक्यात तोच तो विचार घाण्याच्या बैलासारखा फिरत असतो, तो चालताना थोडा थांबतो. खड्डा चुकवायचा, समोरून आलेल्या रिक्षाला वाट द्यायची, ओळखीच्याला रामराम घालायचा. मनाला तेवढाच विसावा.

इथवर सगळे सोपे आहे. अवघड भाग पुढेच आहे. ज्याला व्यायामाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो करण्याची इच्छा नसते, कारण इच्छा नाहीशी होणे हेच या आजाराचे मुख्य लक्षण. पाय मोडलेल्याला 'जरा पळून ये, बरे वाटेल' असे आपण म्हणत नाही. नैराश्याच्या रुग्णाला मात्र दिवसातून दहा वेळा म्हणतो, "अरे, जरा बाहेर फिरून ये, असा काय बसून राहतोस?" तो उठत नाही. मग त्याला आळशी ठरवले जाते. तोही स्वतःला आळशी समजू लागतो आणि आणखी खचतो.

एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निवृत्तीनंतर आठ-नऊ महिन्यांत गुरुजींचे वाचन बंद, कट्ट्यावर जाणे बंद, दाढीसुद्धा चार-चार दिवस नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, पहाटे उठून फिरायला जा म्हणून रोज सांगते हो, पण हे पांघरूणच सोडत नाहीत." गुरुजी हळूच म्हणाले, "मनात आलं की जाईन."

यात दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे पहाट. नैराश्याच्या पुष्कळ रुग्णांना सकाळची वेळ सर्वांत वाईट जाते आणि दुपार कलल्यावर जरा हलके वाटते. आपल्याकडे मात्र फिरणे म्हटले की ते पहाटेच, अशी समजूत घट्ट आहे. निरोगी माणसाने पहाटे खुशाल फिरावे. पण अशा रुग्णाने आधी संध्याकाळची वेळ धरावी. दुसरी गोष्ट 'मनात आलं की'. ते मनात येत नाही. एरवी माणसाला आधी वाटते आणि मग तो करतो. या आजारात क्रम उलटा लावावा लागतो. आधी करायचे, वाटायचे ते मागून वाटते. पहिले आठ-दहा दिवस तर काहीच वाटत नाही, आणि तसे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तो निराश होऊन सोडत नाही.

हे तत्त्व मानसोपचारात जुने आहे आणि आपल्या शेजारी, गोव्यात, त्याची चांगली परीक्षा झाली आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. यात मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, तर खास प्रशिक्षण दिलेली साधी माणसे रुग्णांशी सहा ते आठ वेळा बोलली. सोडून दिलेली आवडीची आणि उपयोगाची कामे थोडी थोडी करून पुन्हा सुरू करायची, हा त्या बोलण्याचा गाभा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. हे रुग्ण सौम्य आजाराचे नव्हते, हे लक्षात घ्यावे. तो केवळ व्यायामाचा कार्यक्रम नव्हता, पण बसलेल्या माणसाला उठवायचे कसे, हे त्यातून शिकता येते.

म्हणून 'व्यायाम करा' असे मी मोघम सांगत नाही. चिठ्ठीवर गोळीसारखाच लिहून देतो. गुरुजींच्या चिठ्ठीवर लिहिले होते : संध्याकाळी ६ वाजता, घर ते मारुती मंदिर आणि परत, १० मिनिटे, सोबत बाई. शेवटचे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे. एकट्याने जायचे ठरले की पहिल्या ढगाळ दिवशी बेत मोडतो. घरातले कोणी चपला घालून दारात उभे राहिले, तर माणूस 'बरं, चला' म्हणतो. बरोबर जाणाऱ्याने वाटेत उपदेश करू नये. बोलायचे तर भाजीच्या भावाचे बोलावे, नाहीतर गप्प चालावे. घरी आल्यावर कॅलेंडरवरच्या तारखेला पेन्सिलीने फुली. कालनिर्णयच्या त्या चौकोनात दुधाचे हिशेब असतातच, त्यात ही एक भर.

पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटे, दुसऱ्यात १५, असे करत महिना-सव्वा महिन्यात अर्ध्या तासावर यावे. आठवड्यातून पाच दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली आहे, तिची खालची मर्यादा यात गाठली जाते. वेग असा असावा की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरपाई करू नये, नेहमीइतकेच चालावे. सुधारणा दिसते ती आधी झोपेत, मग भुकेत. मन सर्वांत शेवटी वर येते. ते रुग्णाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येते. गुरुजींच्या बाबतीत पाचव्या आठवड्यात त्यांनी न सांगता दाढी केली, ती बाईंनी मला फोन करून कळवली. त्यांना मी सुरुवातीपासून गोळीही दिली होती. त्यामुळे गुण कशाचा किती, हा हिशेब मी करत बसलो नाही.

आता एक प्रश्न, जो भगिनीवर्गाकडून नेहमी येतो. "डॉक्टर, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत मी उभीच असते. धुणी, भांडी, स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्य. मला कशाला आणखी व्यायाम?" प्रश्न अगदी रास्त आहे. शरीराला श्रम होतात हे खरेच. परंतु संशोधनात असे दिसते की मोकळ्या वेळात, आपल्या मर्जीने केलेल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्थितीशी असतो. कामाच्या रेट्याखाली केलेल्या श्रमांत तो फायदा दिसत नाही. कारण उघड आहे. त्या श्रमात मोकळा श्वास नाही, सोबत नाही, कौतुक तर नाहीच. अशा बाईला मी 'रोज अर्धा तास चाला' असे सांगितले तर कामाच्या यादीत आणखी एका कामाची भर पडते. म्हणून आधी तिच्या नवऱ्याला आत बोलावतो आणि तो अर्धा तास घरात कोण सांभाळणार, हे त्याच्याकडून ठरवून घेतो. नंतर चालण्याचे. एकटीने रस्त्याने चालायचे म्हणजे 'लोक काय म्हणतील' आडवे येते. शेजारच्या दोघी-तिघी मिळून निघाल्या की कोणी काही म्हणत नाही. तेही जमत नसेल तर गच्चीवर, अंगणात चालावे किंवा खोलीचे दार लावून योगासने करावीत. आपल्या आज्या मंगळागौरीला रात्र-रात्र झिम्मा-फुगड्या खेळत, तो चांगला दमछाकीचा व्यायाम होता आणि त्यात सोबतही होती. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बाई सतत रडत असेल, बाळाविषयी माया वाटत नाही म्हणत असेल, तर मात्र फिरण्याची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे आणावे.

दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाला किंवा ऊसतोडीवरून आलेल्या मजुराला मी चालायला सांगत नाही. त्याला विश्रांती, पोटभर जेवण, वेळेवर गोळी आणि चार माणसांत बसणे जास्त लागू पडते. संध्याकाळच्या भजनाला जात असेल तर ते चालू ठेवावे. याउलट दुकानाच्या गल्ल्यावर, कचेरीच्या खुर्चीत किंवा मोबाइलच्या पडद्यासमोर दिवस काढणाऱ्यांनी चालावेच. तरुण मुलांना चालण्याचा कंटाळा येतो. त्यांनी कबड्डी, बॅडमिंटन, सायकल, सूर्यनमस्कार, दंड-बैठका यांतले जे आवडेल ते करावे. बारावीच्या वर्षात 'खेळ बंद, फक्त अभ्यास' असा हुकूम काढणाऱ्या पालकांनी निदान संध्याकाळचा अर्धा तास त्या हुकुमातून वगळावा.

थोडी सावधगिरी. छातीत दुखणे, चालताना दम लागणे, हृदयविकाराचा पूर्वीचा झटका असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी फिरू नये, खिशात गुळाचा खडा किंवा पेढा ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत ऊन उतरल्यावरच बाहेर पडावे. गुडघे दुखत असतील तर सपाट जमीन आणि चांगली पादत्राणे. आणि पहाटे फिरणाऱ्यांनी हातात काठी ठेवावी. हा सल्ला कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नाही, पण कुत्रे चावल्यावर लस टोचून घ्यायला येणाऱ्यांत फिरायला गेलेले पुष्कळ असतात.

काही रुग्णांना मात्र फिरायला नेण्यात एक दिवसही घालवू नये. खाणेपिणे सोडलेला, भास होणारा, 'आता जगून काय उपयोग' म्हणणारा, आवरासावर करून निरोपाचे बोलणारा, अशा माणसाला लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशकाची बाटली कुलपात ठेवावी किंवा घराबाहेर काढावी. 'तू असा विचार करतोस का?' असे विचारल्याने विचार बळावतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणसाला बोलता येते. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतही बोलता येते. दारू हे यावरचे औषध नव्हे, ती नैराश्य वाढवते. आणि उदास असलेला माणूस एकाएकी झोपेविना उत्साहात आला, तास-तास व्यायाम करू लागला, मोठमोठ्या गोष्टी बोलू लागला, तर ती सुधारणा समजू नये. तो दुसऱ्या आजाराचा फेरा असू शकतो, त्याला दाखवून घ्यावे.

राहिला नेहमीचा प्रश्न : "चालायला लागलो, बरं वाटतंय, आता गोळी बंद करू का?" नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण बरे वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा महिने तरी चालू ठेवाव्या लागतात. पूर्वी असा झटका येऊन गेला असेल तर त्याहून जास्त. एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. आणि त्या दिवसांत चालण्यात खंड पडू देऊ नये, कारण आजार उलटण्याची भीती गोळी कमी होतानाच जास्त असते.